झोपेतून उठतो आणि त्याच कपड्यात शाळेत जातो, काय करू?

ताई नमस्कार, माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, अभ्यासात बरा आहे, स्वभावाने चांगला आहे, पण कपड्यांवरून त्याने माझा जीव नकोसा केलाय. त्याच्या शाळेला युनिफॉर्म नाही, त्यामुळे रात्री झोपताना घातलेला टी-शर्ट, गुडघ्यावर फुगलेली ट्रॅक पँट, वर ती एकच एक काळी हूडी आणि पायात स्लिपर्स, असाच निघतो. उन्हाळ्यात सुद्धा हूडी उतरत नाही. कपाटात चांगल्या जीन्स आणि शर्ट घड्या घालून पडलेत, हात लावत नाही. रोज सकाळी आमचं यावरून वाजतं. परवा पालकसभेत क्लासटीचर सगळ्यांसमोर म्हणाल्या, घरून जरा लक्ष द्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा म्हणतो सोड गं, कपड्यांनी काय होतंय. आणि आता १२ वर्षांची मुलगी पण विचारते, दादाला चालतं तर मला का नाही. मी जास्तच करतेय का? की आत्ताच लगाम घालायला हवा?
– एक आई

नमस्कार,

आधी सरळ उत्तर देते, कारणं मग. कपडे कसे दिसतात यावरून होणारं भांडण आजपासून थांबवा, अगदी पूर्ण. कपडे धुतलेले आहेत का, यावरून मात्र मागे हटू नका. आणि पत्रात एक ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात ना, की उन्हाळ्यात सुद्धा हूडी उतरत नाही, ती मला बाकी सगळ्या पत्रापेक्षा महत्त्वाची वाटली, तिच्याबद्दल पुढे सविस्तर बोलते.

तुम्ही लिहिलंय की कपाटात "चांगल्या" जीन्स पडल्यात. ती जीन्स आली कुठून ते बघा. १८७३ मध्ये अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी तांब्याचे रिव्हेट ठोकलेल्या पँटचं पेटंट घेतलं, तेव्हा ती अंगमेहनत करणाऱ्या लोकांची पँट होती, लवकर फाटू नये म्हणून शिवलेली. १९५० च्या दशकात तिथली टीनएजर पोरं ती घालायला लागली तर कित्येक शाळांनी जीन्सवर बंदी घातली, कारण जीन्स म्हणजे उनाड पोरांचं लक्षण असं तेव्हाच्या आईवडिलांना आणि शिक्षकांना अगदी मनापासून वाटत होतं. टी-शर्ट तर मुळात शर्टाच्या आत घालायचा कपडा, अमेरिकन नौदलाने खलाशांना दिलेला, नुसता तोच अंगावर घालून चारचौघांत जाणं म्हणजे अर्धवट कपड्यात जाणं. आज तुम्ही मुलाला म्हणताय की निदान जीन्स आणि बरा टी-शर्ट घाल. मी तुम्हाला चूक म्हणत नाहीये, एवढंच सांगतेय की "शाळेत जायचे कपडे" ही रेघ कुठे मारायची ते दर पिढीत बदलत आलंय, आणि आपल्या वेळची रेघ प्रत्येकाला तीच खरी वाटते.

शिवाय या मुलांच्या बाबतीत एक मोठी गोष्ट घडून गेलीय. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, जगभरात १५० कोटींहून जास्त विद्यार्थी घरी बसले, आणि त्यातली ज्यांच्याकडे फोन आणि नेट होतं ती झोपायच्या कपड्यातच वर्गात हजर राहिली. तुमचा मुलगा तेव्हा लहान होता, शाळा म्हणजे काय हे शिकायचंच वय ते. शाळेचे कपडे वेगळे आणि घरचे वेगळे ही जी भिंत आपल्या डोक्यात पक्की आहे ना, ती या मुलांच्या डोक्यात तेवढी पक्की बांधलीच गेली नाही. हा त्याचा आळस नाही आणि तुमच्या संस्कारात काही कमी पडलंय असंही नाही.

आता तुमच्याबद्दल बोलू का? पालकसभेत जे झालं ते खरंच वाईट झालं. शिक्षकांनी असं काही सगळ्यांसमोर बोलू नये, बाजूला घेऊन बोलावं, यात मला काही शंका नाही. पण पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की सकाळच्या भांडणात निम्मा राग मुलाच्या कपड्यांचा आहे आणि निम्मा "लोक म्हणतील आई कुठे बघते" याचा आहे. हे वाटणं अगदी साहजिक आहे, आणि मूल कसं दिसतं यावरून बापाला सहसा कोणी बोलत नाही, आईलाच बोलतात, हेही खरंय. तरी एक प्रयोग सांगते. २००० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास छापला, त्यात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा एका गायकाच्या फोटोचा टी-शर्ट घालून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं आणि मग विचारलं की किती जणांच्या लक्षात आलं असेल. त्यांना वाटलं निम्म्या लोकांनी तरी पाहिलं असणार. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. त्या सभेतल्या बाकीच्या आईबाबांचंही तसंच असणार, घरी जाताना ते तुमच्या मुलाच्या ट्रॅक पँटचा नाही, आपापल्या पोराच्या मार्कांचा विचार करत गेले असतील.

टीचरना मात्र भेटा, एकट्या भेटा, आणि शांतपणे एकच विचारा की शाळेच्या लेखी नियमात काय लिहिलंय आणि तो त्यातलं नेमकं काय मोडतोय. लेखी नियम असेल, म्हणजे समजा स्लिपर्स चालत नाहीत असं असेल, तर तो पाळायचा, त्यावर घरात चर्चा नाही, आणि मुलाला हे सांगताना "मला आवडत नाही" असं न सांगता "शाळेचा नियम आहे" असंच सांगा, तो नियम नीट वाचायलाही द्या. पण नियम नसेल आणि फक्त टीचरना बघवत नसेल, तर नम्रपणे म्हणा की कपडे स्वच्छ असतील हे मी बघते, बाकी त्याच्याशी तुम्हीच बोललात तर बरं, आणि जरा एकट्यात बोला. १५ वर्षांच्या मुलाला वर्गासमोर कपड्यांवरून बोललं की तो कपडे बदलत नाही, टीचरशी बोलणं बंद करतो.

रोजचं सकाळचं भांडण थोडं वेगळं आहे. तुम्ही म्हणता झोपेतून उठतो आणि तसाच जातो, मला यात कपड्यांपेक्षा झोप जास्त दिसते. वयात येताना मुलांचं शरीर झोपेचं हार्मोन, म्हणजे मेलाटोनिन, रात्री उशिरा सोडायला लागतं, कधी कधी दोन तासांपर्यंत उशिरा, त्यामुळे दहाला आडवं केलं तरी डोळा लागत नाही आणि सकाळी सहाला त्याच्या शरीराच्या हिशोबाने अजून मध्यरात्रच चालू असते. या वयाला ८ ते १० तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका, आणि सिअॅटल शहराने २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७:५० वरून ८:४५ केली तेव्हा मुलांची झोप रोजची सरासरी ३४ मिनिटांनी वाढलेली मोजली गेली. फोन बघत जागतात हे आहेच, नाही म्हणत नाही, रात्री फोन खोलीबाहेर ठेवायची सवय लावाच, पण सगळं खापर फोनवर फोडून चालणार नाही. तुमच्या मुलाच्या शाळेची वेळ तुमच्या हातात नाही. मग जो मुलगा शेवटच्या पाच मिनिटांत उठून धावत निघतो त्याच्याकडून शर्टाची बटणं लावायची अपेक्षा सोडा, आणि आंघोळ रात्री, कपडे रात्री काढून खुर्चीवर ठेवलेले, हे त्याला सुचवून बघा. झोपायचा टी-शर्ट वेगळा आणि सकाळचा वेगळा, दोन्ही त्याच्याच आवडीचे, दोन्ही सैल असले तरी चालतील. एवढ्याने तुमची अर्धी तक्रार मिटेल असं मला वाटतं.

आता त्या हूडीकडे येते.

१५ वर्षांचा मुलगा एकाच सैल कपड्यात स्वतःला गुंडाळून घेतो तेव्हा बऱ्याचदा त्याला फॅशन करायची नसते, त्याला झाकायचं असतं. या वयात मुलं वाढीच्या ऐन भरात वर्षाला ९-१० सेंटीमीटर उंच होतात, हातपाय आधी लांब होतात आणि धड नंतर, मागच्या वर्षीचा शर्ट खांद्यात घट्ट होतो आणि मनगट उघडं पडतं. पाठीवर, छातीवर पिंपल्स येतात. घामाचा वास बदलतो. आणि एक गोष्ट जी घरात कोणीच बोलत नाही, वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांना छातीत, निपलच्या खाली, थोडी गाठ किंवा फुगवटा येतो, हार्मोनमुळे. बहुतेकांचा तो साधारण दोन वर्षांत आपोआप जातो, त्यात रोग काही नसतो, पण त्या पोराला हे कोणी सांगितलेलंच नसतं, त्याला वाटतं आपल्यातच काहीतरी गडबड आहे, आणि टी-शर्टातून दिसेल म्हणून तो भर उन्हाळ्यात हूडी घालून बसतो. वर्गातल्या पोरांनी एकदा चिडवलं असेल तर विचारूच नका. तुमच्या मुलाला असंच काही आहे असं मी म्हणत नाही, मला ते इथे बसून कळणारही नाही, पण त्याच्या बाबांनी एकदा, कुठेतरी गाडीतून जाताना वगैरे, समोरासमोर न बसता, सहज सांगावं की या वयात असं असं होतं, घाबरायचं नसतं, फार वाढलं किंवा दुखलं तर डॉक्टरांना दाखवू. मुलाने उत्तर दिलं नाही तरी चालेल, त्याला ऐकू गेलेलं असतं.

काही मुलांना कापडच सहन होत नाही. कॉलरच्या मागचं लेबल, जीन्सची जाड शिवण, कमरेचं घट्ट बटण, हे त्यांना दिवसभर टोचत राहतं आणि वर्गात लक्ष लागत नाही. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं पण बाकी कित्येक मुलांनाही असतं. लहानपणी तो मोज्याच्या शिवणीवरून रडायचा का, लोकरीचे कपडे काढून फेकायचा का, हे आठवून बघा. तसं असेल तर हा हट्ट नाहीच, मग मऊ कापडाचे, लेबल नसलेले, इलॅस्टिक कमरेचे पण जरा बरे दिसणारे कपडे शोधणं हे काम उरतं, आणि ते त्याला बरोबर घेऊन, त्याला हात लावून बघू देऊनच करायचं.

आणि आता जे लिहितेय ते लिहिताना मला तुम्हाला घाबरवायचं नाहीये, पण लिहिलं नाही तर मला चैन पडणार नाही. कधी कधी उकाड्यातही लांब बाह्या न काढण्यामागे हातावरच्या जखमा लपवणं असतं, मुलं स्वतःला कापून घेतात, मुलगेही घेतात. नुसत्या हूडीवरून असं समजायचं नाही, लाखो मुलं हूडी घालतात कारण ती हूडी आहे. बघायचं ते बदलाकडे. पूर्वी हाफ टी-शर्ट घालायचा आणि काही महिन्यांपासून अचानक बंद झालं का, आंघोळ टाळतो का, मित्रांचे फोन येणं थांबलं का, जे खेळायचा किंवा वाजवायचा ते सोडून दिलं का, खाणं किंवा झोप एकदम कमी किंवा एकदम जास्त झाली का, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय का. तुम्ही लिहिलंय अभ्यासात बरा आहे, स्वभावाने चांगला आहे, त्यामुळे मला आशा आहे की यातलं काही नसेल, पण एकदा नजर टाका.

आणि यातल्या दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर बाही ओढून बघू नका, झडती घेऊ नका. जवळ बसून सरळ विचारा, "तू हल्ली त्रासात आहेस असं वाटतं मला, स्वतःला काही इजा करून घेतोस का?" असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात नको ते येतं ही भीती खोटी आहे, उलट कोणीतरी विचारलं याने मोकळं वाटतं, आणि मरण्याचे विचार येतात का हेही याच शब्दांत विचारता येतं. तो हो म्हणाला तर ओरडायचं नाही, रडून त्यालाच तुम्हाला सांभाळायला लावायचं नाही, "सांगितलंस ते बरं केलंस" एवढंच म्हणा, घरातल्या धारदार वस्तू आणि औषधं नजरेआड ठेवा, आणि डॉक्टर किंवा समुपदेशकाची वेळ लगेच घ्या, पुढच्या महिन्यात बघू असं नाही. मरण्याचे विचार येतात म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

हे असं काही नसेल, आणि बहुतेक नसेलच, तर मग प्रश्न उरतो तो साधा, की गबाळे कपडे घालून गेल्याने अभ्यासावर परिणाम होतो का. तुमच्या टीचरना बहुतेक हेच म्हणायचं असेल, कपडे नीट तर मन नीट. २०१२ मध्ये एक अभ्यास खूप गाजला होता, त्यात लोकांना पांढरा कोट दिला, काहींना सांगितलं हा डॉक्टरचा आहे, काहींना सांगितलं चित्रकाराचा आहे, कोट तोच, पण डॉक्टरचा समजून घालणाऱ्यांचं लक्ष जास्त चांगलं लागलं. ऐकायला फार छान वाटतं. पण २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्यातला एक प्रयोग तसाच पुन्हा केला तर तो परिणाम काही सापडला नाही. युनिफॉर्मचंही बघा, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचमध्ये १९९४ पासून लहान वर्गांना युनिफॉर्म सक्तीचा केला, शिस्त सुधारली म्हणून खूप कौतुक झालं, आणि १९९८ मध्ये देशभरातल्या दहावीच्या मुलांची माहिती तपासली तेव्हा हजेरी किंवा वागणूक यावर युनिफॉर्मचा थेट परिणाम काही दिसला नाही. त्यामुळे ट्रॅक पँटमुळे तुमच्या मुलाचे मार्क जातील ही भीती मनातून काढून टाका. झोप कमी पडल्याने जातील, रोज सकाळी भांडून डोकं तापवून शाळेत गेल्याने जातील, पँटमुळे नाही.

तरी मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूची पण नाही. "सोड गं, कपड्यांनी काय होतंय" असं म्हणून सगळं तुमच्यावर टाकून मोकळं होणं हे मला पटत नाही, कारण टीचरचं ऐकायला सभेत तुम्हीच जाता आणि धुवायला टाक म्हणून मागे लागायलाही तुम्हीच. आणि कपड्यांनी काही होत नाही असंही नाही. कुठे काय घालायचं हे कळणं ही पुढे लागणारी गोष्ट आहे, मुलाखतीला जाताना, कोणाच्या दुःखात भेटायला जाताना, आपण समोरच्याला मान देतोय हे कपड्यातूनही दिसतं, आणि हे मुलाला कोणीतरी शिकवायलाच हवं. फक्त ते रोज सकाळी सात वाजता दारात उभं राहून शिकवता येत नाही. एखादा कार्यक्रम असेल तेव्हा आठवडाभर आधी विचारायचं, "तिथे सगळे कसे येतात माहितीये ना, तू काय घालशील?" आणि घालून बघायला लावायचं, कारण कपाटातल्या त्या घडी घातलेल्या जीन्स त्याला आता बहुतेक होतही नसतील, हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलं? मला तर वाटतं तो हात लावत नाही त्याचं एक कारण हेही असेल.

मग करायचं काय, तर सुट्टीच्या दिवशी, पोट भरलेलं असताना, तुम्ही दोघं आणि तो असं बसा. बाबांनी बसायचंच, नुसतं फोन बघत नाही. सुरुवात तुम्ही करा आणि म्हणा की उद्यापासून तू काय घालतोस यावर मी सकाळी एक शब्द बोलणार नाही. हे ऐकून तो दचकेल, थोडा संशयानेही बघेल. मग सांगा की तीन गोष्टी मात्र पक्क्या, अंगावरचं सगळं धुतलेलं आणि आतले कपडे रोज बदललेले, शाळेच्या लेखी नियमात जे आहे ते पाळायचं, आणि जिथे इजा होऊ शकते तिथे ऐकायचं, म्हणजे प्रयोगशाळेत बंद बूट, वर्कशॉपमध्ये हूडीच्या लोंबणाऱ्या दोऱ्या नकोत, कारण अॅसिडचा थेंब स्लिपरमधल्या पायावर पडला किंवा दोरी मशीनमध्ये अडकली तर काय होतं हे त्यालाही कळतं. एवढंच. रंग, माप, गुडघ्याचे फुगे, छापलेलं चित्र, हे सगळं त्याचं. शिव्या किंवा कोणाचा अपमान करणारं काही छापलेलं नको एवढं एक वाक्य घाला वाटल्यास.

हूडी एकच आहे म्हणता, तर अगदी तशीच दुसरी आणा, शक्य असेल तर तोच रंग तेच माप, म्हणजे एक अंगावर आणि एक धुवायला. घेताना कॉटन जास्त असलेली घ्या कारण पॉलिएस्टर घामाचा वास फार धरून ठेवतं, धुतली तरी थोड्या वेळात परत वास येतो आणि मग तुम्हाला वाटतं त्याने धुतलीच नाही. आणि धुवायचं काम त्याला शिकवा, मशीन लावणं, वाळत घालणं, १५ वर्षांच्या मुलाला हे सहज जमतं. नाही धुतली तर मळकी घालून जायचं नाही, कपाटातलं दुसरं काहीही धुतलेलं घालायचं, हा नियम त्याच्यासमोरच ठरवा, मग सकाळी तुम्हाला फक्त "धुतलीय का?" एवढंच विचारायचंय. "हे काय ध्यान", "भिकाऱ्यासारखा दिसतोस", "लोक काय म्हणतील", ही वाक्यं मात्र कायमची सोडा. तुम्ही ती रागात म्हणता आणि दुपारपर्यंत विसरता, तो वर्षानुवर्षं विसरत नाही, विशेषतः स्वतःचं शरीर आधीच नकोसं वाटत असताना.

पहिले काही दिवस तुम्हाला गप्प बसणं फार जड जाईल. तो मुद्दाम अजून गबाळा निघेल कदाचित, तुम्ही खरंच बोलत नाही का हे बघायला. तेव्हाही नका बोलू. सकाळचा तो वेळ दुसऱ्या कशालाही वापरा, आज कोणता पिरियड पहिला आहे, कुठला मित्र बरोबर येतोय, काहीच नाही सुचलं तर नुसतं दारापर्यंत जा. या वयात तो दिवसभरात तुमच्याशी शांतपणे किती बोलतो, विचार करा, त्यातलाही वेळ जर पँटवर गेला तर बाकी गोष्टी तो सांगणार कधी.

राहिला मुलीचा प्रश्न, आणि तो मला खरं तर सगळ्यात जास्त जवळचा वाटला. "दादाला चालतं तर मला का नाही" याचं तुमच्याकडे उत्तर आहे का? असेल तर ते काय आहे, स्वतःशी खरं खरं बोलून बघा. मुलाला आपण गबाळा म्हणून ओरडतो आणि मुलीला नीट झाकलं नाही म्हणून ओरडतो, कपडा तोच असतो. शाळाही तेच करतात, अमेरिकन सरकारच्या लेखातपासणी कार्यालयाने २०२२ मध्ये शाळांचे ड्रेस कोड तपासले तर अंदाजे ९० टक्के ड्रेस कोडमध्ये मुली घालतात अशा कपड्यांवर बंदी होती आणि मुलं घालतात अशा कपड्यांवर ६९ टक्क्यांमध्ये. १२ व्या वर्षी मुलीचं शरीर बदलत असतं, तिला आधीच वाटत असतं की सगळे आपल्याकडेच बघतायत, तेव्हा तिच्या कानावर पहिलं वाक्य "असं दिसतं, तसं दिसतं" हे पडू नये असं मला फार मनापासून वाटतं. म्हणून तुम्ही मुलाबरोबर बसाल तेव्हा तिलाही बसवा आणि तेच तीन नियम तिलाही, धुतलेलं, शाळेचा नियम, सुरक्षित. चौथा नियम फक्त तिच्यासाठी काढू नका. तिला ट्रॅक पँट घालून जायचं असेल तर जाऊ दे. आणि शाळेने तिला कधी अशा कपड्यांवरून अडवलं जे मुलांनी घातलेले चालतात, तर शाळेत जाऊन विचारायचं काम तुमचं आणि तिच्या बाबांचं, तिला एकटीला टीचरसमोर उभं राहून उत्तर द्यायला लावू नका.